पानवेलीच्या गाठी आणि आबांची मान

“डॉक्टर, ऑपरेशन करताना तुमचे हात कधी थरथरतात का?”

किंजलने बोईसरच्या त्या दवाखान्यातल्या छोट्या खोलीत विचारलं. आईने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. बाबांना नेमका तेव्हाच खोकला आला. खोलीत खूश झालेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे ज्याच्या मानेचा निकाल लागायचा होता तो. किंजलचे आजोबा दिनानाथ, ज्यांना घरात आणि अख्ख्या केळव्यात आबा म्हणायचे, ते खुर्चीत पुढे सरकून डॉक्टरांच्या हातांकडे टक लावून बघायला लागले.

खरं सांगायचं तर प्रश्न किंजलचा नव्हता. पैज होती. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत दीपाली आणि स्नेहल डब्यातलं आंब्याचं लोणचं चाटत तिच्या मागे लागल्या होत्या. “एवढी मोठी सूत्रसंचालक झालीयस ना, मग विचार त्या डॉक्टरला. विचारलंस तर बर्फाचा गोळा आमच्याकडून. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची.”

सूत्रसंचालक हे प्रकरण नवीनच होतं. गेल्या वर्षीपर्यंत किंजल म्हणजे वर्गातली अशी मुलगी, जिला पाणी प्यायला जायचं असलं तरी ती शेजारणीला विचारायला लावायची. यंदाच्या स्नेहसंमेलनात ज्या मुलीने सगळं पाठ केलं होतं तिचा आवाज ऐन वेळी बसला, आणि बाईंनी समोर दिसेल तिच्या हातात माईक कोंबला. समोर किंजल होती. पहिली दोन वाक्यं तिची तिलाच ऐकू आली नाहीत. तिसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, चौथ्याला अर्धा मांडव हसला, आणि तिथून किंजलच्या तोंडाचं जे झाकण उघडलं ते अजून कोणाला सापडलं नव्हतं.

डॉक्टर हर्षित तरुण होते. शनिवारी मुंबईहून यायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पसरून पाहिले.

“थरथरतात,” ते म्हणाले. “चहा जास्त झाला की थरथरतात. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी चहा घेत नाही, आणि त्यामुळे माझा मूड खराब असतो, हे नर्सना विचार. पण आतलं उत्तर असं आहे की हात हवेत ठेवून हे काम कोणीच करत नाही. मनगट टेकायला जागा असते. टेकलेला हात थरथरत नाही.”

“बराबर,” आबा म्हणाले. त्यांना इतकं पटलं की त्यांनी टेबलावर थाप मारली. “आमी पण शिडीवर वेल बांधताना कोपर बांबूला टेकवतो. नुसत्या हवेत गाठ बसत नाय.”

“कसल्या वेली?”

“पानाच्या. खायच्या पानाच्या. केळव्याला वाडी हाय आमची.”

बस, दोघांची मैत्री जमली. आईने पाय काढून घेतला.

मग डॉक्टरांनी आबांच्या मानेचा एमआरआय भिंतीवरच्या उजेडात लावला. किंजलला ते काळंपांढरं चित्र आधी काही कळेना. डॉक्टरांनी पेनाचं टोक फिरवत दाखवलं: मानेच्या मणक्यांच्या आतून एक नळी जाते, त्या नळीतून मेंदूकडून निघालेली नसांची जाड दोरी खाली उतरते. हाताला, पायाला, बोटांना सगळे निरोप त्या दोरीतून. आबांची ती नळी तीन ठिकाणी अरुंद झाली होती. वयामुळे हाडं वाढली होती, मणक्यांमधल्या चकत्या सुकून फुगल्या होत्या, आणि मधली दोरी दाबली जात होती.

“पाटात गाळ भरला म्हणा की,” आबा म्हणाले. वाडीला पाटाचं पाणी देण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“तसंच म्हणा. आता मूठ उघडा आणि मिटा. भराभर, मी थांबा म्हणेपर्यंत.”

आबांनी सुरुवात केली. किंजल बघत होती. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट ठीक चालले होते. शेवटची दोन बोटं मागे रेंगाळत होती, प्रार्थना सुरू झाल्यावर शाळेच्या फाटकातून शिरणाऱ्या पोरांसारखी. थोड्या वेळाने तर ती उघडायचीच थांबली. डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावर रेघ ओढली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, आबांना एका सरळ रेषेत चालायला लावलं. आबा चालले. एक चप्पल मागेच राहिली आणि ती राहिलीय हे त्यांना कळलं नाही. ती त्यांच्याआधी बाबांना दिसली.

“गेल्या काही महिन्यांत हे वाढलंय का?” डॉक्टरांनी विचारलं. “नीट आठवून सांगा. कारण सगळं त्यावर आहे. जसं होतं तसंच असेल तर आपण थांबू शकतो, दर काही महिन्यांनी तपासू. वाढत असेल तर थांबणं म्हणजे जे आहे तेही घालवणं. ऑपरेशनने दाब काढता येतो. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. थोडं येतं, कधी बरंच येतं, कधी नाही येत. पण पुढचं वाचतं. आणि धोका आहेच. मानेचं ऑपरेशन आहे, हाताला पायाला इजा होण्याची शक्यता कमी असली तरी शून्य नाही. नंतर महिनाभर पट्टा, तीन महिने शिडी नाही, वजन नाही.”

“वाढलंय कुठं,” आबा म्हणाले. “बोटं जरा सुस्तावलीत. वय झालं. पण तुमी या वाडीत आणि माझी गाठ बघा. एक वेल खाली घसरली असेल तर आपण नाव बदलून घेऊ. गाठ बसते तोपर्यंत बोटं बरी हायत. आणि ऑपरेशन करून तीच गेली तर मी काय करू, पानं मोजत बसू?”

“गाठी पहिल्यासारख्याच बसतात?”

“पहिल्यापेक्षा घट्ट.”

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, खरंच, वेली अगदी नीट आहेत. आईनेही मान हलवली. आणि किंजल, जिने एका गोळ्यासाठी डॉक्टरांचे हात थरथरवले होते, ती तोंड मिटून खुर्चीला चिकटली.

कारण त्या गाठी तिच्या होत्या.

झालं असं होतं की गणपतीच्या दिवसांत ती पूजेसाठी विड्याची पानं आणायला सकाळी वाडीत गेली, तर पहिल्याच रांगेत दोन वेली बांबूवरून घसरून मातीत लोळत होत्या. केळीच्या सुकलेल्या सोपटाची ओली पट्टी नुसती लोंबत होती, गाठ सुटलेली. पानवेल जमिनीला टेकली की पान डागळतं, हे वाडीतल्या पोराला चालायच्या आधी कळतं. तिने वेली उचलल्या, बांधल्या आणि गप्प राहिली, कारण आबांच्या गाठीला नाव ठेवणं म्हणजे गावच्या देवळाच्या कळसाला नाव ठेवण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी उगाच बघायला गेली तर अजून तीन. मग रोज शाळेच्या आधी सायकल वाडीवरून जायला लागली. आबा आदल्या दिवशी बांधायचे, ती सकाळी जाऊन ढिली पडलेली प्रत्येक गाठ सोडून नव्याने घालायची. युनिफॉर्मच्या बाहीवर सोपटाच्या पाण्याचे तपकिरी डाग पडायचे. त्यावरून आई रोज बोलायची आणि किंजल म्हणायची, सायकलची चेन.

परतताना बाबांनी बोईसर स्टेशनजवळ गाडी थांबवली, कारण आबांना वडापाव हवा होता. पुढच्या दोन सीटांवर भांडण चालू होतं, हळू आवाजातलं, म्हणजे मागे सगळं स्वच्छ ऐकू येईल असं.

बाबा, म्हणजे मितेश, तारापूरला एका कंपनीत पाळीवर जायचे. “आमच्या पाळीतल्या मिथुनचे मामा. कंबरेचं ऑपरेशन केलं, आता खाटेवर आहेत. मानेला हात लावायचा म्हणजे काय खेळ आहे?”

“मिथुनचे मामा ऑपरेशनच्या आधीपासून खाटेवर होते,” आई म्हणाली. तिचं नाव जागृती, कोळगावच्या सरकारी कचेरीत नोकरीला, आणि ऐकीव गोष्टींचा तिला मनापासून राग. “मी विचारून घेतलंय. आणि तुम्हाला काय वाटतं, जमनाकाकू तेल लावून हाड हलवणार?”

“जमनाकाकू नको,” आबा मागून म्हणाले. “डॉक्टरने मान कोणाला पिळू द्यायची नाय म्हणून सांगितलंय. ती बाई पिळते. मागच्या खेपेला मला माझी पाठ दिसली.”

किंजल हसली, बाबा हसले, आई हसायची नाही म्हणून खिडकीबाहेर बघत हसली. आबांच्या वडापावमधली लाल चटणी त्यांच्या शर्टावर सांडली. आईने न बोलता रुमाल पुढे केला. शर्टाला बटणं नव्हती, टिचबटणं होती. दिवाळीत आईने आबांचे सगळे शर्ट शिंप्याकडे नेऊन टिचबटणं लावून आणली होती आणि सांगितलं होतं की आता हीच फॅशन आहे. बाबांनी टपरीवरून चहा आणला. सगळ्यांना भरलेले ग्लास, आबांना अर्धा.

किंजलने ते पाहिलं. रोजच पाहत होती. पण आज पहिल्यांदा तिला ते दिसलं.

संध्याकाळी केळव्याच्या किनाऱ्यावर मुंबईची शनिवारची गर्दी होती. घोडागाडी पळत होती, पोरं वाळूत लोळत होती, आणि सुरूच्या झाडांखाली तिघी मैत्रिणी गोळे चोखत बसल्या होत्या. पैज जिंकली होती. कालाखट्ट्याने तिघींच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या. किंजलने डॉक्टरांचं चहाचं उत्तर नकलेसकट सांगितलं, आणि स्नेहल इतकी हसली की तिचा अर्धा गोळा वाळूत पडला.

मग किंजलने गाठींचंही सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

“म्हणजे तू डॉक्टरला फसवलंस,” स्नेहल म्हणाली.

“मी कुठे काय बोलले?”

“तेच म्हणते. तू आणि गप्प. मला आधीच शंका यायला पाहिजे होती.”

“सांगू कसं? आबा, तुमच्या गाठी सुटतात, असं? त्यांना वाटतं की त्या गाठी आहेत म्हणून ते धडधाकट आहेत. ते काढून घेतलं तर राहिलं काय त्यांच्याकडे?”

दीपाली अजून बोलली नव्हती. ती जव्हारकडच्या पाड्यावरची, शाळेसाठी केळव्याला मामाकडे राहायची. कमी बोलायची, आणि बोलायची तेव्हा आधी समोरचं खाऊन संपवायची. तिने गोळ्याची काडी नीट चोखली, वाळूत खोचली.

“माझी आजी भिंतीवर चित्र काढायची,” ती म्हणाली. “तिला दिसेनासं झालं तेव्हा माझी आई मागून रेघा सरळ करायची. आजीला शेवटपर्यंत वाटलं आपले डोळे चांगले आहेत. चष्मा करायचा राहूनच गेला.”

स्नेहलचा उरलेला गोळा हातातच वितळत राहिला.

“तू सांगू नको,” दीपाली पुढे म्हणाली. “नुसती बांधून दाखव. त्यांना दिसेल.”

“आणि ही पैज नाही हां,” स्नेहल म्हणाली. “याचा गोळा मिळणार नाही.”

रविवारी सकाळी किंजल वाडीत पोचली तेव्हा आबा आधीच आले होते. पोफळींच्या सावलीत अजून गारवा होता, पाटाचं पाणी नुकतंच सोडलेलं, मातीचा आणि पानांचा तो तिखटसर वास. आबा पाटाच्या कडेला बसून सोपटाच्या पट्ट्या पाण्यात भिजवत होते. एक पट्टी बोटांतून निसटली आणि वाहत निघाली. त्यांनी ती पायाने अडवली.

“आज रविवारची इतक्या लवकर? घरातून हाकललं काय?”

“वेली बांधायला आले.”

“तू?”

“द्या पट्टी.”

आबांनी मजा बघायची म्हणून पट्टी दिली. किंजलने पहिल्या रांगेतली एक मोकळी फांदी उचलली, बांबूला लावली, कोपर टेकवलं, पट्टी मागून फिरवून पुढे आणली, वेटोळं घातलं, शेपूट आतून ओढलं. गाठ बसली. सगळं इतक्या सवयीने झालं की तिलाच लाज वाटली. नवशिक्याचं सोंग तरी करायला हवं होतं.

आबा गाठीकडे बघत राहिले. मग उठले, जवळ आले.

किंजल डावरी. जेवण सोडून सगळं डाव्या हाताने. तिच्या गाठीचं शेपूट डावीकडे निघतं. आबांचं, त्यांच्या वडिलांचं, केळव्यातल्या यच्चयावत वाडीवाल्यांचं उजवीकडे.

आबांनी काठीने शेजारच्या वेलीची पानं बाजूला केली. शेपूट डावीकडे. त्याच्या पुढच्या वेलीची. डावीकडे. ते रांगेतून चालत गेले, काठीने पानं उघडत, आणि किंजल मागून.

“ही तुझी,” आबा म्हणत होते. “ही तुझी. ही पण. ही… ही तर परवाचीच, मी बांधलेली. ही पण तुझी?”

“काल नाही आले मी. डॉक्टरकडे जायचं होतं ना.”

ती गाठ उजवीकडची होती. म्हणजे खरंच आबांची होती. म्हाताऱ्या मनगटातल्या बांगडीसारखी ती बांबूवर ढिली लोंबत होती आणि वेल तिच्यातून घसरून हातभर खाली आली होती. दुसऱ्या रांगेत अजून काही तशाच. त्याच दिवसाच्या.

किंजलला वाटलं, आपण काहीतरी मोडलं, जे आता जुळणार नाही.

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“गणपतीपासून,” आबांनी म्हटलं, जणू ते त्यांना कोणालातरी जाऊन सांगायचं होतं. मग ते परत पहिल्या रांगेत आले आणि तिने बांधलेल्या एका जुन्या गाठीपाशी थांबले. गाठ आणि देठ यांच्यामध्ये त्यांनी बोट घालायचा प्रयत्न केला. गेलं नाही.

“घट्ट बांधतेस,” ते म्हणाले.

“हो. म्हणून सुटत नाहीत.” किंजलच्या आवाजात नको तेवढा अभिमान आला.

“सुटत नायत, पण वेल वाढणार कुठनं? देठ जाड होतो ना. बोटभर सैल ठेवायची. गळा आवळलायस तू हिचा, बघ वर.”

किंजलने वर पाहिलं. गाठीच्या वरची पानं बारकी होती आणि कडेने पिवळी पडायला लागली होती. शेजारच्या वेलीचंही तसंच. इतके दिवस सकाळी ती इथे आली होती, इतक्या गाठी घातल्या होत्या, आणि वर एकदाही पाहिलं नव्हतं.

“मग आता?”

“आता काय. सोडायची, सैल करायची. पिवळं झालेलं पान काय परत हिरवं व्हायचं नाय. पण पुढची पानं…”

आबा बोलता बोलता थांबले. त्यांचा हात वर गेला आणि मानेच्या मागे जाऊन तिथेच राहिला. पाटाचं पाणी खळखळत होतं. डॉक्टरांनी कालच जे सांगितलं होतं, ते आबांनी आत्ता स्वतःच्या तोंडाने, वेलीकडे बघून म्हटलं होतं.

“पुढची वाचतात,” आबांनी शेवटी वाक्य पूर्ण केलं.

“हो.”

“आणि मी डॉक्टरला काय सांगून आलो? वाडीत येऊन माझी गाठ बघा.” आबांच्या मिशीचं एक टोक हललं. “तो आला असता तर तुझी गाठ बघून माझी मान पास करून गेला असता.”

मग त्यांना हसू आलं, आणि आबांचं हसू म्हणजे एकदा सुरू झालं की पंप बंद केल्यासारखं हळूहळूच थांबायचं. त्यांनी बांबू धरला. हसता हसता त्यांची नजर स्वतःच्या शर्टाकडे गेली आणि हसणं अर्ध्यावर थबकलं.

“ही टिचबटणं. तुझी आई म्हणाली फॅशन हाय.”

किंजलने ओठ दाबले.

“आणि तुझा बाप मला अर्धा चहा देतो. मी म्हणायचो, हा चिंगूस कधीपासून झाला.”

“सांडू नये म्हणून.”

“मला कोणी काय सांगितलं नाय, कोणी कोणाला पण काय सांगितलं नाय, आणि सगळी मिळून मला धडधाकट ठेवताय. अख्खं घर माझी बोटं बनून फिरतंय, आणि मी म्हणतोय वाढलंय कुठं.” ते पाटाच्या कडेला बसले. डोळे ओले होते, पण मिशी अजून हलत होती. “तुमी लोक म्हणजे कमाल हाय.”

किंजल त्यांच्याशेजारी बसली. दोघांनी पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं गार होतं की किंजलने लगेच वर घेतले. आबांनी नाही घेतले, त्यांना तितकं गार लागलं नसावं, आणि या वेळी त्यांच्याही ते लक्षात आलं.

“भीती वाटते काय रे आबा?” तिने विचारलं. लहान असताना ती त्यांना असं अरेतुरे करायची. आज तोंडातून तसंच निघालं.

“वाटते. ते बेशुद्ध करणार, मागून मान उघडणार. डॉक्टर चहा न पिता येणार.” त्यांनी उजवी मूठ उघडून पाहिली. “पण मला खरी भीती ती नव्हती. मला वाटायचं, आता गाठ बसते आणि नंतर नाय बसली तर? ती तर गणपतीपासूनच बसत नाय. मग राखायचं काय हाय? जे राहिलंय ते वाचवू. दोन बोटं रेंगाळतात, तीन तरी वेळेवर येतात. त्यांना शाळेत ठेवू.”

“आणि तीन महिने शिडी नाही,” किंजल म्हणाली. तिचं मन आता धावायला लागलं होतं, माईक हातात आल्यासारखं. “ते माझ्याकडे. सकाळी शाळेच्या आधी येतेच मी. मे महिन्यात दिवसभर. पण मला सैल गाठ शिकवायची.”

“हातानं शिकवता यायची नाय.”

“तोंडाने शिकवा. मला तोंडाचं लवकर कळतं.”

“ते दिसतंय,” आबा म्हणाले. “तुझं पूर्वीचं तोंड कुठं ठेवलंयस, ते एकदा दाखव. फार गुणाचं होतं.”

मग ऊन पोफळींच्या वर येईपर्यंत धडा चालला. आबा बसून सांगत, किंजल शिडीवर. बोट मधे ठेव, त्यावरून बांध, मग बोट काढून घे. तसं नाय, अजून सैल. आता एवढी पण सैल नाय, ही काय माझी गाठ हाय? किंजल शिडीवर इतकी हसली की खालून ओरडा बसला, हसायचं तर उतरून हस. तिने आवळलेल्या गाठी एकेक सोडल्या. गाठ सुटली की वेल एक श्वास घेतल्यासारखी किंचित हलायची. प्रत्येक वेळी किंजल वर बघायची. आबा प्रत्येक वेळी मानेला हात लावायचे, आणि मग आपण तसं करतोय हे लक्षात येऊन पाटाकडे बघायचे.

घरी परतताना दोघं सायकल ढकलत चालत आले. आबांचा एक हात सायकलच्या सीटवर होता, तोल सावरायला, आणि आज त्यांनी तो तसा ठेवलाय हे लपवलं नाही.

“घरात तू सांग,” फाटकाशी ते म्हणाले. “मी सांगितलं तर तुझा बाप मला समजवायला बसणार. तू सांगितलंस तर त्याला बोलायला जागाच मिळायची नाय.”

रविवारचं जेवण. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी. आई वाढत होती, बाबा पाळीवरून येऊन आंघोळ करून बसले होते. दोघांचं पुन्हा तेच चाललं होतं. आई म्हणत होती, दुसऱ्या एका डॉक्टरांनाही फिल्म दाखवू. बाबा म्हणत होते, दाखवू, पण आबांचं वाढलेलं नाहीच तर घाई कशाला, गाठी बघ ना किती घट्ट.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि किंजलकडे बघून भुवई उडवली.

किंजल उठून उभी राहिली. हात कालवणाने माखलेला, बाहीवर ताजा तपकिरी डाग. स्नेहसंमेलनात मांडवभर माणसं होती, इथे तिघंच, आणि तरी हे जास्त अवघड होतं. तिने घसा साफ केला.

“बस की, जेव,” आई म्हणाली. “आणि ती चेन तुझी दुरुस्त होत नाही का एकदाची?”

“चेन नाही आई, सोपट. गणपतीपासून. त्या घट्ट गाठी आबांच्या नाहीत, माझ्या आहेत. तुझी टिचबटणं फॅशन नाहीत, आणि बाबा, तुमचा अर्धा चहासुद्धा आबांना कळलाय.”

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी उजवा हात वर करून मूठ उघडली, मिटली, उघडली, जशी डॉक्टरांसमोर उघडली होती तशी, आणि मागे राहिलेली दोन बोटं त्यांनी सगळ्यांना दिसतील अशी तशीच धरून ठेवली.

“तर ठरलंय,” किंजल म्हणाली. “दुसऱ्या डॉक्टरांनाही फिल्म दाखवू, आई म्हणते तसं, पण आबा ऑपरेशन करणार. ते त्यांनी ठरवलं. मी ठरवलं की ते बरे होईपर्यंत वेली मी बांधणार, बोटभर सैल. आणि आजपासून या घरात आबांना चहा पूर्ण ग्लास द्यायचा. सांडला तर मी पुसेन.”